कौटुंबिक दाव्यांत वकिलापाशीं खरें बोलणें

बीडच्या न्यायालयाच्या आवारांत नवराबायकोच्या तंट्यांतला पक्षकार सहसा एकटा येत नाहीं. बरोबर चुलता असतो, मामा असतो, गांवांतला एखादा जाणता असतो. आणि वकिलापुढें सारी हकीकत सांगतात तीं हींच माणसें. जिचा संसार मोडला ती मुलगी बाकाच्या टोकाशीं मुकाट बसून राहते. हकीकत खोटीच असते असें नव्हे. पण ती घराण्याची अब्रू संभाळून सांगितलेली असते, आणि अब्रूखातर जें गाळलें जातें तेंच पुष्कळदां दाव्याचें मर्म असतें.

सांगितलेली गोष्ट फुटेल, हें पक्षकाराचें पहिलें भय. या भयाचा बंदोबस्त कायद्यानें फार पूर्वीं केला आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या १२६ व्या कलमानें, पक्षकारानें कामाच्या ओघांत सांगितलेली गोष्ट त्याच्या स्पष्ट संमतीवांचून उघड करण्यास वकिलाला मनाई केली. त्या कायद्याच्या जागीं १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, तरी हा नियम त्याच्या १३२ व्या कलमांत कायम आहे. वकिलाचा कारकून आणि दुभाषा हेहि त्यानें बांधलेले आहेत, आणि वकीलपत्र संपलें तरी हें बंधन सुटत नाहीं. अपवाद आहे तो बेकायदेशीर हेतु साधण्यासाठीं केलेल्या बोलण्याचा, आणि वकिलानें काम हातीं घेतल्यानंतर त्याच्या नजरेस आलेल्या गुन्ह्याचा वा कपटाचा. म्हणजे मागें घडलेली गोष्ट सांगणारास संरक्षण आहे; खोटा दाखला कसा मिळवावा हें विचारणारास तें नाहीं.

या जिल्ह्यांत खरेपणाचा सर्वांत मोठा कस लागतो तो मुलीच्या वयाच्या बाबतींत. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील हजारों कुटुंबें मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. वाढती मुलगी मागें कोणापाशीं ठेवावी ही आईबापांची काळजी. शिवाय कोयता धरावयाचा तो जोडप्यानें. या दोन्ही कारणांनीं लग्नें लौकर उरकलीं जातात. पुढें बेबनाव होऊन प्रकरण वकिलाकडे गेलें कीं बाप सांगतो, "लग्नाच्या वेळीं अठरा पुरीं होतीं." शाळेचें रजिस्टर मात्र निराळें बोलतें.

येथें खोट्यानें नुकसान होतें तें मुलीचेंच. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यान्वयें असा विवाह रद्द करवून घेण्याचा हक्क तिला आहे, पण सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आंतच. विवाह रद्द करतांना तिला पुनर्विवाहापर्यंत पोटगी देवविण्याचा अधिकारहि न्यायालयास आहे. वय लपविलें म्हणजे वकील साध्या घटस्फोटाचा अर्ज लिहितो आणि ती मुदत निघून जाते. बापाची भीति अगदींच खोटी नाहीं. असा विवाह लावून देणाऱ्या पालकास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा सांगितली आहे. म्हणूनच वकील नक्की कोणाचा, हें आधीं ठरलें पाहिजे. बापानें फी दिली तरी अशील मुलगीच, आणि तिची हकीकत वकिलानें तिच्याच तोंडून, इतरांना बाहेर बसवून ऐकावी. फीच्या पैशाचा आधार घेऊन घरचे दडपण आणीत असतील, तर १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यानें स्त्रीला, तिचें उत्पन्न कितीहि असो, फुकट वकील मिळतो. जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे तसा अर्ज करतां येतो.

पोटगीच्या दाव्यांतलें खोटें पैशाचें असतें. २०२० च्या नोव्हेंबरांत, नागपूर खंडपीठाकडून आलेल्या एका अपिलांत, सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं नवराबायको दोघांनींहि आपली मालमत्ता व देणीं प्रतिज्ञापत्रावर मांडावीं. शेतकऱ्यांसाठीं जमीन, पीक, जनावरें, कर्ज यांचा निराळा नमुनाहि दिला. दावा लागतांच भावाच्या नांवें चढविलेली जमीन फेरफाराच्या नोंदींत तारखेसह दिसते. घरीं रिकामा बसलों आहें असें म्हणणाऱ्याची उचल मुकादमाच्या वहींत असते. पत्नीहि शिवणकामाचे चार पैसे लपविते, तें तर निव्वळ अज्ञानानें. स्त्री थोडें मिळविते एवढ्यावरून तिचा पोटगीचा हक्क बुडत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें वारंवार सांगितलें आहे. ती कोणत्या महिन्यांत कोठें राहिली हेंहि वकिलास कळलें पाहिजे, कारण अर्ज कोठल्या न्यायालयांत चालेल तें पुष्कळसें त्यावर ठरतें.

प्रतिज्ञापत्रावर सही होण्यापूर्वीं सांगितलेली अडचणीची गोष्ट वकील मांडणींत सामावून घेऊं शकतो. एखादें न टिकणारें कारण अर्जांतून गाळूंहि शकतो. न्यायालयांत शपथेवर खोटी साक्ष देण्याला मात्र भारतीय न्याय संहितेच्या २२९ व्या कलमांत सात वर्षांपर्यंत कैद आहे. आणि उलटतपासणीच्या दिवशीं विरुद्ध बाजूचा वकील सातबारा, फेरफार व शाळेचा दाखला एकामागून एक पुढें ठेवूं लागतो, तेव्हां पक्षकाराच्या स्वतःच्या वकिलालाहि ते कागद प्रथमच दिसत असतात.