मागून बसलेली गाडी

तासगाव–सांगली रस्त्यावर एखाद्या पिकअपच्या मागे थोडा वेळ गाडी चालवली, की तिचा मालक काय भरतो आणि किती भरतो याचा अंदाज बांधता येतो. हौदा मागे झुकलेला, टायर आणि मडगार्ड यांच्यात जेमतेम चार बोटं जागा, आणि रात्री समोरून आलीच तर दिव्यांचा झोत सरळ डोळ्यांत. अशा गाडीबद्दल ड्रायव्हर मंडळी एवढंच म्हणतात, ‘मागून बसलीय.’ काही पिकअपची गत उलटी असते. रिकाम्या असल्या की शेपटी वर करून प्रत्येक खड्ड्यावर टणाटणा उडत जातात. त्यांच्या मालकाने कधीतरी मागच्या स्प्रिंगमध्ये पाटा वाढवलेला असतो, आणि बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त वाढवलेला असतो.

या कामालाही हंगाम आहे. जानेवारीत सुरू झालेली द्राक्षांची धावपळ एप्रिलपर्यंत ओसरते. बेदाणा आणि हळदीच्या फेऱ्या चालू असतात, पण गाडी एखादा दिवस उभी ठेवणं परवडतं. पाऊस पडला की खतांची पोती सुरू. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस वस्तीवरच्या अंगणात, लिंबाच्या सावलीत, मागची चाकं काढून लोखंडी घोड्यांवर चढवलेली पिकअप दिसली तर नवल नाही. शेजारी जुना कपडा पसरून त्यावर पाने, टॉमी, घण आणि डिझेलचा डबा. मालक स्वतः अर्धा मिस्त्री असतो. पुतण्या किंवा मेव्हणा हाताखाली, आणि गावातला खरा मिस्त्री सल्ल्यापुरता. तो येतो, वाकून खाली बघतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘भरतोस काय?’

प्रश्न साधा वाटतो, पण सगळं काम त्याच्या उत्तरावर ठरतं. द्राक्षांचे क्रेट हौद्यात उंचीने भरतात. वजनाची मर्यादा गाठायच्या आधी जागा संपते, आणि माल नाजूक. पाटे ताठ असले की प्रत्येक गचक्याला घडातले मणी सुटतात आणि क्रेटच्या तळाशी रस उतरतो. सातारच्या बाजूला महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी घेऊन पसरणीचा घाट उतरणाऱ्यांचंही हेच. खताचं गणित वेगळं. डीएपीचं पोतं 50 किलोचं असतं, युरियाचं आता 45 किलोचं. 1300 किलो क्षमतेच्या पिकअपमध्ये डीएपीची 26 पोती बसली की कागदावरची मर्यादा संपली. हौदा मात्र अजून अर्धा रिकामा दिसतो. तिथेच मोह होतो.

एकच गाडी जानेवारीत द्राक्षं आणि जूनमध्ये खत वाहते. दोन्हींना सारखा मानवेल असा पाट्यांचा संच नाही, त्यामुळे कुठेतरी तडजोड आली. शहाणा मिस्त्री वर्षातल्या सगळ्यात जड फेरीसाठी पाटे बसवत नाही, बहुतेक दिवस जो माल जातो त्यासाठी बसवतो. गिऱ्हाइकाला हे पटतंच असं नाही.

पाट्यांची रचना बघितली की ती एवढी वर्षं का टिकली हे समजतं. लंडनच्या ओबाडाया एलियट याने घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार कमानींचं पेटंट 1804 मध्ये घेतलं. मिरजेच्या स्टेशनाबाहेरच्या टांग्यांपासून आजच्या पिकअपपर्यंत तत्त्व तेच राहिलं. सगळ्यात वर मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं वळवून डोळे केलेले. पुढचा डोळा चासीच्या ब्रॅकेटमध्ये पिनेने पक्का, मागचा शॅकलमध्ये. ओझं आलं की कमान सपाट होते, सपाट झाली की तिची लांबी वाढते, आणि ती वाढ सामावून घ्यायला शॅकल मागे झुलतो. मेन पाट्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे पाटे. वाकवणारा जोर मधोमध सर्वांत जास्त आणि टोकांकडे कमी, म्हणून थरही मधोमध जास्त. पाटे एकमेकांवर घासतात त्यातही थोडा धक्का जिरतो. काही गाड्यांत मुख्य संचावर वेगळे हेल्पर पाटे असतात. गाडी रिकामी असताना ते मोकळे राहतात आणि ठरावीक ओझ्यानंतर ठोकळ्याला टेकून कामाला लागतात.

सगळ्या भानगडी होतात त्या जाडीवरून. रुंदी आणि लांबी तीच ठेवली तर पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. 8 मिलिमीटरच्या पाट्याऐवजी 10 मिलिमीटरचा घातला तर दिसायला फरक दोन मिलिमीटरचा, पण तो एक पाटा जवळजवळ दुप्पट ताठ. याउलट सारख्या जाडीच्या सहा पाट्यांत तसाच, जवळपास तेवढ्याच लांबीचा सातवा घातला, तर संचाचा ताठपणा साधारण सहाव्या हिश्शाने वाढतो. भंगारातून एखाद्या ट्रकचा जाडजूड पाटा आणून पिकअपला कापून बसवणारे बहाद्दर आहेत. त्यांची गाडी नंतर दगडासारखी चालते, यात नवल काही नाही.

गाडी बसलीय म्हणजे पाटा कमीच पडतोय, असंही नसतं. आधी सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करून दोन्ही बाजूंची उंची टेपने मोजायची. एकच बाजू खाली असेल तर त्या बाजूचा पाटा तुटलेला असू शकतो, आणि चीर बहुधा मधोमध, पाटे मागच्या ॲक्सलला आवळणाऱ्या यू बोल्टांच्या आड लपलेली असते. दोन्ही बाजू सारख्या खाली असतील तर पाट्यांची कमान गेलेली असते. मग पर्याय तीन. पाटे काढून पाटेवाल्याकडून गार असतानाच ठोकून कमान देऊन घ्यायची. हे स्वस्त, पण थकलेलं पोलाद काही महिन्यांत पुन्हा बसतं. दुसरा, संचात एक पाटा वाढवायचा. तिसरा, अख्खा संच नवा. तरुण मालक दुसऱ्याकडे झुकतात आणि जुने मिस्त्री तिसऱ्याकडे. या बाबतीत जुन्यांचंच खरं मानावं. थकलेल्या पाच पाट्यांत एक ताजा पाटा घातला की तो आपल्या वाट्यापेक्षा जास्त ओढतो आणि लवकर तुटतो.

एका उपायाला मात्र कुणीच हो म्हणू नये. गॅस कटरने पाटा लाल करून वाकवणं, किंवा चिरलेला पाटा वेल्डिंगने जोडणं. कारखान्यात ही पट्टी लाल तापवून तेलात बुडवतात, मग पुन्हा त्याहून बरीच कमी, साधारण साडेचारशे अंशांच्या आसपास उष्णता देऊन तिचा ठिसूळपणा काढतात. वाकून परत सरळ होण्याचा गुण त्यातून येतो. अंगणातल्या ज्योतीने तो एका मिनिटात जातो. तुटका पाटा लोहाराकडे गेलेला बरा. ऊसतोडीचा चांगला कोयता पाट्याचाच, हे कुठल्याही टोळीला विचारावं.

प्रत्यक्ष कामात ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड. जॅक लावून चासी उचलायची आणि पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटच्या अलीकडे घोड्या ठेवायच्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही. विटांच्या चळतीवर तर नाहीच, वीट दाबाखाली न सांगता फुटते. दुसरा जॅक मागच्या ॲक्सलच्या हाऊसिंगखाली. त्याने हाऊसिंगचं वजन तोललं की पाट्यावरचा ताण जातो. एका वेळी एकच बाजू उघडायची, कारण दुसरी बाजू हाऊसिंगला जागेवर धरून ठेवते.

मग गंजाशी झटापट. आदल्या रात्री डिझेल सोडलेलं असलं तरी यू बोल्टचे नट हटून बसतात. पान्याला पाइप जोडून जोर लावला की एखादा करकरत सुटतो आणि एखादा तुटतो. तुटला तरी बिघडत नाही. काढलेले यू बोल्ट परत वापरायचेच नसतात, कारण एकदा आवळल्यावर ते ताणले गेलेले असतात. पाटा वाढवला की थराची उंची वाढते, म्हणून नवे यू बोल्ट आणि पाटे मधोमध एकत्र धरणारा नवा सेंटर बोल्ट लांब लागतात. पुष्कळांची ही खरेदी राहून जाते आणि कुणालातरी भर दुपारी मोटारसायकलवरून तासगावला पिटाळावं लागतं. शॉकअपचा खालचा बोल्ट काढून हाऊसिंग हळूहळू खाली सोडताना एकाने ब्रेकच्या होजवर डोळा ठेवायचा. तो ताणला तर पुढचं काम ब्रेकचं.

अख्खा थर खाली आला की तो उचलायला दोघं लागतात. सेंटर बोल्ट तसाच खोलायचा नाही. कमानीत दबलेला जोर असतो, पाटे उसळून हनुवटीवर येतात. दोन्ही बाजूंना क्लॅम्प आवळायचे आणि मग बोल्ट काढून क्लॅम्प थोडे थोडे सैल करायचे. पाटे सुटे झाल्यावर गंज तारेच्या ब्रशने खरवडायचा. नवा पाटा लांबीच्या क्रमाने आपल्या जागी, आणि त्याची कमान वरच्या पाट्यापेक्षा किंचित जास्त हवी, नाहीतर तो ओझं येईपर्यंत नुसता लटकत राहतो. जुळणी करताना सेंटर बोल्टचं डोकं हाऊसिंगवरच्या भोकात नेमकं बसलं पाहिजे. ते बसलं नाही किंवा पुढे कधी तुटलं, तर हाऊसिंग एका बाजूने मागे सरकतं आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालते. म्हणून शेवटी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने ताडून बघायचं.

यू बोल्टचे चारही नट आळीपाळीने, तिरक्या क्रमाने आवळायचे. शॅकलचे नट मात्र घाईने नाही. बुश रबरी असतील तर गाडी चाकांवर उतरवून, तिच्या नेहमीच्या उंचीवर आल्यावरच शेवटचा आवळा द्यायचा. पाटे लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं.

गाडी खाली उतरली, मागून दोन बोटं वर आली, की मालकाचा चेहरा खुलतो. पण पाटा वाढल्याने वजन उचलायची ऐपत वाढली, हा समज घातक आहे. हाऊसिंग, बेअरिंग, टायर आणि ब्रेक कालचेच असतात. बसलेली गाडी निदान दिसत तरी होती. ताठ पाटे जास्तीचं ओझं लपवतात. नोंदणी पुस्तकातलं एकूण वजनही बदलत नाही. गाडीत केलेल्या बदलांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची बंधनं आहेत. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 194 प्रमाणे जादा वजनाला 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. एमएच-10 असो, एमएच-11 असो वा कराडची एमएच-50, काट्यावर पाट्यांची संख्या कुणी मोजत नाही.

ब्रेकची गोष्ट त्याहून गंभीर. बऱ्याच मालवाहू गाड्यांत चासी आणि हाऊसिंग यांच्यात एक दांडी जोडलेली झडप असते. हौदा किती खाली बसलाय यावरून ती ओझं ओळखते आणि मागच्या ब्रेकला तेवढा दाब देते. पाटे ताठ केले की भरलेल्या गाडीतही हौदा वरच राहतो. झडपेला गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. पसरणीचा किंवा कुंभार्लीचा घाट भरल्या गाडीने उतरताना हा फरक कळतो. दांडीची जुळणी कंपनीच्या मापाने पुन्हा करून घ्यावी लागते, आणि ती अंगणात अंदाजाने करायची नसते. हेडलाइटचा झोतही बदललेला असतो, पण तो भिंतीसमोर गाडी उभी करून घरी बसवता येतो.

पहिली फेरी अर्ध्या ओझ्याची, वजनकाट्याची पावती घेऊन. दोन-चार फेऱ्यांनंतर यू बोल्ट पुन्हा आवळायचे. नट थोडे फिरतातच, कारण पाटे एकमेकांत बसत असतात. पुढच्या खेपेलाही ते तेवढेच फिरले, तर पाट्यांच्या मध्ये रंगाचा जाड थर किंवा न खरवडलेला गंज दबत चाललाय असं धरायचं, आणि क्लॅम्प शोधून थर पुन्हा खोलायचा.