कुंड्या ओसरीत आणण्यापूर्वी

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की पटांगणातील कुंड्या उचलून शाळेच्या ओसरीत ठेवण्याची पद्धत पुष्कळ शाळांतून आहे. उन्हापासून रोपे वाचावीत व पाणी घालणाऱ्यास ती एका ठिकाणी सापडावीत, हा हेतू योग्यच होय. परंतु कुंड्या खेटून ठेवल्या म्हणजे एकीवरील कीड थोड्याच दिवसांत शेजारच्या कुंड्यांवर जाते. उघड्यावर ढालकिड्यांसारखे भक्षक कीटक तिला काही अंशी आवर घालतात; आडोशाला तो आवर कमी पडतो, आणि सुटीत पाहणारेही कोणी नसते. यास्तव कुंड्या हलविण्यापूर्वी दोन आठवडे प्रत्येक कुंडी तपासावी.

प्रथम मुंग्या पाहाव्यात. जास्वंदीच्या खोडावर मुंग्यांची रांग चढत असेल, तर वर मावा किंवा पिठ्या ढेकूण असण्याचा पुष्कळ संभव असतो. या किडी गोड, चिकट रस टाकतात व त्याच्या लोभाने मुंग्या त्यांना जपतात. त्याच रसावर पुढे काजळीसारखी काळी बुरशी वाढते. पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यांत कापसाच्या कणांसारखा दिसतो. त्यास क्षुल्लक समजू नये. पपईवरील पिठ्या ढेकूण आपल्या देशात २००८ साली कोइमतूर येथे आढळला व पुढे महाराष्ट्रातील बागांतही पोचला; त्यास आवरण्यासाठी २०१० साली सूक्ष्म परोपजीवी कीटक परदेशातून आणावे लागले. हीच कीड जास्वंदीवरही राहते. शाळेची कुंडी व शेजारचा मळा यांत अंतर ते किती!

लाल कोळी नुसत्या डोळ्यांस सहज दिसत नाही. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकावे. कागदावर बारीक ठिपके चालू लागले, तर तो आहे असे समजावे. हे काम चौथीच्या मुलांकडे द्यावे, त्यांना ते फार आवडते. कुंडीचा तळ मात्र शिक्षकांनीच, कुंडी काठीने कलती करून पाहावा. ओलाव्याला तेथे विंचू बसलेला असतो.

कीड आढळल्यास ती कुंडी निराळी ठेवावी. ओल्या फडक्याने पाने दोन्ही बाजूंनी पुसून, लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा साबण घालून सायंकाळी फवारावे. आधी एका पानावर परीक्षा घ्यावी. आठ दिवसांनी पुन्हा फवारावे, कारण अंडी पहिल्या फवाऱ्यातून वाचतात. कोणा पालकाने शेतावरचे औषध आणून दिले, तर ते आभारपूर्वक परत करावे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. तसले विष मुलांच्या वावराच्या जागी नको.

ओसरीत दोन कुंड्यांमध्ये वीतभर अंतर राखावे. सुटीत पाणी घालण्यास येणाऱ्या विद्यार्थ्यास आठवड्यातून एकदा पाने उलटून पाहण्यास सांगावे व कुंडीचा क्रमांक आणि दिनांक वहीत लिहून घेण्याची सवय लावावी.