वरळीतल्या दोन संध्याकाळी

वरळीच्या एनएससीआय डोममध्ये त्या शुक्रवारी पोरांचाच गलका होता. तारीख ४ ऑक्टोबर २०१९. शहरात नवरात्र रंगात आलेलं आणि इथे अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगचा भारतातला पहिला सामना: सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. खुर्च्यांवर बसले होते ते सत्तर शाळांमधले सुमारे तीन हजार विद्यार्थी. रिलायन्स फाउंडेशनच्या ज्युनियर एनबीए उपक्रमातून शाळेत बास्केटबॉल शिकणारी ही मुलं-मुली. तिकीट काढून येणाऱ्यांसाठीचा सामना दुसऱ्या दिवशी, शनिवारी. आधी मुलांना बोलावलं, मग मोठ्यांना. त्या दोन दिवसांत घेतला गेलेला हा सर्वांत चांगला निर्णय.

हंगामाआधीचे हे सराव सामने. गुणतक्त्यात त्यांची नोंद होत नाही, त्यामुळे खेळाडू हात राखून खेळतील असं वाटणं साहजिक होतं. झालं भलतंच. बारा-बारा मिनिटांची चार क्वार्टर संपली तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत. पाच मिनिटांचा जादा वेळ द्यावा लागला आणि पेसर्सनं सामना एका गुणानं मारला, १३२-१३१. शनिवारी त्यांनीच १३०-१०६ असा सहज विजय मिळवला. पण आठवणीत राहिला तो पहिला.

शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर खेळणाऱ्या मुलांना तिथे काय दिसलं असेल? रिंग तीच, जमिनीपासून दहा फुटांवर. ती शाळेतही तेवढीच उंच असते. फरक तीन गुणांच्या रेषेत. आपल्याकडच्या कोर्टवर ती आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ६.७५ मीटरवर, एनबीएमध्ये समोरून ७.२४ मीटरवर. जवळजवळ अर्धा मीटर मागे, आणि तिथून ही माणसं उडी घेऊन, अंगावर हात येत असताना बॉल टाकत होती. टीव्हीवर हे अंतर कळत नाही. शिवाय लाकडी फरशीवर बुटांचा करकर आवाज, बॉलचा खणखणीत ठोका. सिमेंटवर बॉल असा बोलत नाही.

हा दिवस एकाएकी उगवला नव्हता. एनबीएनं मुंबईत कार्यालय थाटलं ते २०११ साली. २०१३ मध्ये शाळांचा उपक्रम सुरू झाला. २०१५ मध्ये पंजाबच्या बल्लोके गावच्या सतनाम सिंगला डॅलस मॅव्हरिक्सनं ५२व्या क्रमांकावर निवडलं. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, नाव आलेला तो पहिला भारतीय. मुख्य संघाकडून प्रत्यक्ष सामना मात्र त्याच्या वाट्याला कधी आला नाही. २०१७ मध्ये दिल्लीजवळ एनबीएची निवासी अकादमी उघडली.

आणि या सगळ्याला मुंबईचा एक धागा होता, विवेक रणदिवे. मुंबईत जन्मलेला हा माणूस कोवळ्या वयात अमेरिकेतल्या एमआयटीत शिकायला गेला. परकीय चलन मिळणं दुरापास्त होतं त्या काळात, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या दारात ठाण मांडून त्यांनी मंजुरी मिळवली, हा किस्सा ते स्वतः सांगतात. पुढे सॉफ्टवेअर उद्योगात नाव झालं. बास्केटबॉल त्यांच्या आयुष्यात आला तो लेकीमुळे. कॅलिफोर्नियात तिच्या शाळकरी वयाच्या संघाचे ते प्रशिक्षक झाले, तेव्हा त्यांना या खेळातलं फारसं काही कळत नव्हतं. मुली उंच नाहीत, नेमही बेताचा, हे त्यांनी ओळखलं आणि समोरच्या संघाला बॉल आत टाकतानाच, संपूर्ण कोर्टभर अडवायचं असं ठरवलं. तो संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचला आणि लेखक माल्कम ग्लॅडवेलनं २००९ साली त्यावर लेख लिहिला. २०१३ मध्ये रणदिव्यांच्या पुढाकारानं किंग्ज संघ विकत घेतला गेला. तो सिएटलला हलवायचं घाटत होतं. त्यांनी तो सॅक्रामेंटोतच ठेवला. एनबीए संघाची सूत्रं हाती घेणारे ते पहिले भारतीय वंशाचे मालक. सहा वर्षांनी तोच संघ घेऊन ते जन्मगावी आले.

पाहुण्यांच्या कौतुकात एक गोष्ट मागे पडायला नको. वरळीच्या डोमपासून जेमतेम तीन-चार किलोमीटरवर नागपाडा आहे. मुंबईच्या बास्केटबॉलचं हे माहेरघर. तिथल्या बच्चू खान मैदानावर चिंचोळ्या गल्ल्यांतली पोरं पिढ्यान् पिढ्या घडली. याच वस्तीतला अब्बास मुंतसीर भारताचा कर्णधार झाला, १९७० साली अर्जुन पुरस्काराचा मानकरी ठरला. एनबीएचं नाव मुंबईत घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पुण्यातही खेळ रुजलेला: भारतीय महिला संघाचं कर्णधारपद भूषवलेली शिरीन लिमये पुण्याची. २०१५ साली यूबीए नावाची व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा तिच्यात मुंबई चॅलेंजर्स होते आणि पुणे पेशवाजही होते. काही हंगामांतच ती लीग थांबली. वरळीत टाळ्या पडत होत्या तेव्हा इथल्या खेळाडूला पाच-पाच जणांच्या खेळाची स्वतःची अशी लीग नव्हती, ही खंत त्या दोन संध्याकाळींच्या आनंदातही होतीच.

आणि असा सामना पाहायला पुण्याहून जायचं तर? पुणेकराची मुंबईची एका दिवसाची फेरी म्हणजे पिढ्यान् पिढ्यांचा ठरलेला हिशेब. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन, दादरला उतरून कामं, संध्याकाळी पाच दहाला सीएसएमटीवरून परत. क्रिकेटचा दिवसाचा सामना या हिशेबात कसाबसा बसतो, बास्केटबॉल बसत नाही. डेक्कन क्वीन घाट चढत असते त्या सुमाराला सामना रंगात येतो. मग रात्रीची शिवनेरी बस, किंवा चौघांनी मिळून केलेली गाडी, लोणावळ्याच्या आसपास थांबून घेतलेला चहा आणि पहाटेच्या आत घर.

पुढचं वर्ष कोणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. २०२०च्या वसंतात त्याच डोममध्ये खाटा मांडल्या गेल्या, कोविडचे रुग्ण तिथे दाखल होऊ लागले. जिथे तीन हजार मुलं खांद्याला खांदा लावून ओरडली होती, तिथे पीपीई घातलेल्या परिचारिका खाटांमधून फिरत होत्या. वास्तूनं हेही काम निभावलं.

दरम्यान दिल्लीजवळच्या अकादमीतून एक पंजाबी मुलगा बाहेर पडला, प्रिन्सपाल सिंग. ऑगस्ट २०२१ मध्ये लास वेगासच्या समर लीगमध्ये तो रणदिव्यांच्या किंग्जकडून उतरला. किंग्जनं ती स्पर्धा जिंकली आणि एनबीएच्या कोणत्याही स्तरावरच्या विजेत्या संघातला तो पहिला भारतीय ठरला. मुंबईत आलेल्या संघाचा गणवेश एका भारतीय मुलाच्या अंगावर चढायला दोन वर्षंही लागली नाहीत.

एनबीएचे संघ मात्र वरळीला पुन्हा आलेले नाहीत. २०२२ पासून त्यांचे सराव सामने अबू धाबीत होऊ लागले. त्या शुक्रवारी सहावी-सातवीत असलेली मुलं आता कॉलेजात आहेत. त्यांच्यातल्या कुणाला तसा सामना पुन्हा डोळ्यांनी पाहायचा तर पासपोर्ट, व्हिसा आणि विमानाचं तिकीट लागतं. मुंबईहून अबू धाबी साधारण तीन-सव्वातीन तास. डेक्कन क्वीनला पुण्याहून मुंबई गाठायला जवळपास तेवढाच वेळ लागतो.