शिंगराचे लंगडणे

शिंगरू वर्षा-दीड वर्षाचे झाले की त्याला दौडीची सवय लावू लागतात आणि एके दिवशी त्याच्या मागच्या पायाचा सांधा सुजलेला दिसतो. दोष बहुधा मोतद्दाराच्या माथी येतो. त्याने जनावर दगडधोंड्यांतून पळविले असेल, तबेल्याची फरशी निसरडी राहिली असेल, असे तर्क चालतात. वास्तविक पुष्कळदा या दुखण्याचे मूळ शिंगरू आईच्या मागे धावत होते त्या काळात असते.

हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, लवचीक कूर्चा असते. प्रौढ जनावराच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रवातून झिरपणारे पोषण तिला पुरते. नवजात पिलाची गोष्ट वेगळी. त्याच्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचा जाड थर असतो व आतून क्रमाक्रमाने त्याचे हाड बनत जाते. एवढ्या जाडीला झिरपणारे पोषण पोचत नाही. म्हणून बारीक नलिकांतून रक्तवाहिन्या आत गेलेल्या असतात. ही व्यवस्था तात्पुरती असते. काम आटोपले की नलिका बुजतात. घोट्यात लवकर, गुडघ्यात उशिरा. (घोड्याचा मागे वळलेला गुडघा म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवितो, तो खरोखर त्याचा घोटा होय.)

हाडाची सीमा पुढे सरकते तशी कूर्चेतील वाहिनी तिच्यात सापडते आणि तिला हाडातील मज्जेच्या वाहिन्यांशी नवे नाते जोडावे लागते. आम्हा सरकारी नोकरांना बदलीच्या वेळचा अनुभव आहे. जुना अधिकारी गेला, नवा रुजू झाला नाही, हेच दिवस घोटाळ्याचे! येथेही तसेच घडते. शिवाय प्रत्येक वाहिनीचा टापू ठरलेला. शेजारीण मदतीस येत नाही. सीमेवर वाहिनी बंद पडली की त्या टापूतील पेशी मरतात. मृत कूर्चेचे हाड होत नाही. हाड तिला वळसा घालून पुढे जाते आणि सांध्याच्या पृष्ठाखाली एक दुबळे बेट मागे राहते. पुढे भार पडला की तेथे चीर पडते व कधी तुकडाच सुटतो.

१८८७ साली जर्मन शल्यवैद्य फ्रांझ क्योनिग यांनी माणसाच्या सांध्यातील अशा सुट्या तुकड्यांच्या विकाराला जे नाव दिले, त्यात दाहाचा निर्देश होता. दाह हे मूळ नव्हे हे पुढे कळले, पण नाव चिकटले ते चिकटलेच. रक्तपुरवठ्याचा पुरावा प्रयोगाने मिळाला. १९९१ साली डुकरांच्या आणि २०१३ साली नॉर्वेच्या क्रिस्टिन ओल्स्टाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिंगरांच्या कूर्चेतील वाहिन्या मुद्दाम छेदल्या, तेव्हा हाच विकार उद्भवला.

वाहिनी आपण होऊन का बंद पडते, यात वंशाचा वाटा मोठा आहे. म्हणून पैदाशीचा घोडा निवडताना युरोपात त्याच्या सांध्यांची क्ष-किरण चित्रे पाहतात. मात्र तान्ह्या शिंगराचे चित्र पाहून निवाडा देणे उतावळेपणाचे होईल, कारण अनेक बेटे हाडात मुरून आपोआप बरी होतात. डच शिंगरांच्या १९९९ सालच्या पाहणीत घोट्यातील विकृतीचे रूप सुमारे पाचव्या महिन्यात, तर गुडघ्यातील विकृतीचे आठव्या महिन्यात स्थिरावलेले आढळले. त्यानंतरही दिसणारा सुटा तुकडा शल्यवैद्य लहानशा छेदातून दुर्बीण घालून काढतात.