ध्वनीने वाचलेला तळ

पाण्याखाली दूरवर पोचणारे साधन एकच, ते म्हणजे ध्वनी. स्वच्छ समुद्रातसुद्धा प्रकाश काही मीटरांतच मंदावू लागतो आणि पावसाळ्यातल्या गढूळ धरणात तर हातभर खाली काही दिसत नाही. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात त्याहूनही लवकर विरतात. ध्वनी मात्र हवेत सेकंदाला ३४० मीटर जातो, तर गोड्या पाण्यात सुमारे १,४८० आणि समुद्रात सुमारे १,५०० मीटर. पाण्यातला हा वेग पहिल्यांदा नीट मोजला तो कोलादों आणि स्तुर्म या जोडीने, १८२६ साली जिनिव्हा सरोवरावर. एका होडीखाली बुडवलेल्या घंटेवर टोला पडे, त्याच क्षणी होडीवर दारूचा भडका उडे. कित्येक किलोमीटरवरच्या दुसऱ्या होडीतला माणूस भडका पाहून घड्याळ सुरू करी आणि पाण्यात सोडलेल्या कर्ण्याला कान लावून टोल्याची वाट पाही. आठ अंश सेल्सिअसच्या पाण्यात त्यांना १,४३५ मीटर हा आकडा मिळाला. आजची उपकरणेही त्याच्या अगदी जवळचाच आकडा देतात.

१९१२ साली टायटॅनिक बुडाली आणि हिमनग ओळखण्यासाठी प्रतिध्वनीकडे लक्ष गेले. १९१४ मध्ये रेजिनाल्ड फेसेंडेन यांच्या यंत्राने हिमनगावरून परतलेला ध्वनी टिपला. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्‌झच्या स्फटिकापासून उच्च वारंवारतेचे स्पंद निर्माण केले. आजच्या एको साउंडरचे तत्त्व तेच आहे. स्पंद खाली जातो, तळावर आदळतो, परत येतो. लागलेल्या वेळेला वेगाने गुणून निम्मे केले की खोली मिळते. ही खोली मोजलेली नसून हिशेबाने काढलेली असते, हे या सगळ्या शास्त्रात विसरून चालत नाही. पाणी एका अंशाने तापले की वेग सेकंदाला सुमारे तीन मीटरने वाढतो. क्षारता आणि दाब वाढले तरी तो वाढतो. म्हणून चांगले सर्वेक्षण पाण्याचे तापमान घेतल्यावाचून सुरू होत नाही.

जालना जिल्ह्यातल्या जाफराबाद तालुक्यातले टेंभुर्णी हे गाव समुद्रापासून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, तरी या शास्त्राशी त्या परिसराचा संबंध रोजच्या पाण्याइतका जवळचा आहे. जिल्ह्याच्या जालना शहराला जायकवाडी धरणाचे पाणी येते. लालबहादूर शास्त्री यांनी १९६५ मध्ये पायाभरणी केलेले आणि इंदिरा गांधी यांच्या हस्ते १९७६ मध्ये उद्घाटन झालेले हे पैठणचे धरण सुमारे दहा किलोमीटर लांब आहे. त्याच्या नाथसागर जलाशयाचे क्षेत्र सुमारे ३५० चौरस किलोमीटर आहे. मूळ आराखड्यानुसार एकूण साठा २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर). त्यातला जिवंत साठा २,१७१ आणि उरलेला ७३८ दलघमी मृत साठा. दुष्काळात मराठवाड्याची नजर याच मृत साठ्यावर खिळते.

हे आकडे मात्र गाळ येण्याआधीचे आहेत. गोदावरीच्या प्रत्येक पुराबरोबर काळी माती जलाशयात येते, पाण्याचा वेग मंदावताच खाली बसते आणि पातळी तीच राहून पाणी कमी होते. भिंतीवरची मोजपट्टी हे सांगू शकत नाही. तळ पुन्हा मोजावाच लागतो. राज्यात हे काम प्रामुख्याने नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था करते. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेकडेही, जिची सुरुवात १९१६ सालची, या कामाचा दीर्घ अनुभव आहे. होडीवर एको साउंडर आणि उपग्रहावरून स्थान सांगणारे यंत्र बसवतात. होडी समांतर रेषांत पूर्ण जलाशय पालथा घालते आणि हजारो बिंदूंच्या खोलीवरून तळाचा नकाशा तयार होतो.

यातली खरी अडचण गाळाच्या वरच्या थराची. ताजा गाळ पाण्याहून थोडाच जड असतो. पाणी कुठे संपले आणि माती कुठे सुरू झाली, याची ठाम रेषा तिथे नसते. दोनशे किलोहर्ट्‌झचा उंच स्वर या मऊ थराच्या माथ्यावरूनच परततो. तीस किलोहर्ट्‌झच्या आसपासचा खालचा स्वर त्यात शिरून घट्ट तळापर्यंत जातो. दोन्ही एकदम वापरले की मऊ गाळाची जाडी कळते. त्यातही वेगाचा हिशेब चुकला तर काय होते? पाण्याचे तापमान सात अंशांनी चुकीचे धरले, तर वेगात सुमारे सव्वा ते दीड टक्क्याची चूक होते आणि तीच प्रत्येक खोलीत उतरते. जायकवाडीच्या आकाराच्या जलाशयात अशी चूक चाळीस दलघमीच्या घरात, म्हणजे टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) भाषेत दीडएक टीएमसी होते. धरणाच्या पाण्याच्या वाटपात टीएमसीच्या दशांशांवरून भांडणे होतात, तिथे ही चूक क्षुल्लक नाही.

उपग्रहाच्या छायाचित्रांवरूनही गाळाचा अंदाज बांधतात. वेगवेगळ्या पातळ्यांना पाणी किती पसरले ते पाहून साठा काढला जातो. हे स्वस्त आणि झटपट आहे, पण सर्वांत कमी पातळीच्या खाली काय आहे ते उपग्रहाला दिसत नाही. मृत साठ्याच्या भागासाठी ध्वनीला पर्याय नाही. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेत शेतकरी कोरड्या पडलेल्या तलावांतून सुपीक गाळ वाहून नेतात. त्या गावतलावांचे आणि लहान प्रकल्पांचे तळ ध्वनीने मोजले गेले, तर किती गाळ काढला आणि किती परत आला, याचा हिशेब गावालाही मांडता येईल. हे काम अजून फारच कमी होते.

जलाशयाच्या तळाशी बांधकाम करायचे असेल, तर अचूकतेची गरज आणखी वाढते. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी शिवसागर जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाला खालून भोक पाडण्यात आले. १३ मार्च १९९९ रोजी आणि पुन्हा २५ एप्रिल २०१२ रोजी हे लेक टॅपिंग झाले. बोगदा खालून तळाच्या अगदी जवळ आणायचा आणि मध्ये उरलेला खडक सुरुंगाने उडवायचा, अशी ही पद्धत. वर नेमका किती खडक उरला आणि त्यावर किती माती आहे, हे आधीच ठाऊक नसेल तर असे काम हाती घेताच येत नाही.

समुद्राकडे वळले की स्वर आणखी खाली उतरतो. तेल शोधण्यासाठी पाठवलेल्या लहरी काही दहा-वीस हर्ट्‌झच्या असतात आणि तळाखालच्या थरांत कित्येक किलोमीटर शिरतात. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरची बॉम्बे हाय या तेलक्षेत्राची रचना अशा सर्वेक्षणातून हाती आली, आणि १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने तिथे छिद्र घेऊन तेल आहे याची खात्री केली.

गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली आणि देशातल्या या संशोधनाचे मोठे केंद्र बनली. तिच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी बहुधातू गोटे समुद्रतळावरून वर आणले. मध्य हिंदी महासागरात असे गोटे पाच किलोमीटर खोलीवर पडलेले असतात. तिथून प्रतिध्वनी परतायला जवळजवळ सात सेकंद लागतात. १९९३ च्या मे महिन्यात पूर्व अरबी समुद्रात सुमारे २७० किलोमीटर अंतरावरच्या दोन उपकरणांमध्ये ध्वनी पाठवून, प्रवासाच्या वेळेवरून मधल्या पाण्याचे तापमान काढण्याचा प्रयोगही झाला. धरणाच्या सर्वेक्षणात तापमान ही अडचण ठरते, इथे तेच शोधायचे असते.

बुडालेल्या वास्तूंच्या शोधात मात्र ध्वनीच्या मर्यादा सर्वांत स्पष्ट दिसतात. साइड स्कॅन सोनार हा ध्वनियंत्राचा प्रकार जहाजामागे दोरीने ओढतात. तो दोन्ही बाजूंना तिरपे स्पंद सोडतो. उंचवट्यामागे ध्वनीची सावली पडते आणि सावलीच्या लांबीवरून उंची काढता येते. लोथलचे उत्खनन करणारे एस. आर. राव यांनी गोव्याच्या संस्थेत सागरी पुरातत्त्वाची पायाभरणी केली आणि १९८० च्या दशकात द्वारकेसमोरच्या समुद्रात शोध घेतला. तिथे घडवलेले दगड आणि दगडी नांगर मोठ्या संख्येने सापडले. ते किती जुने, यावर नंतर बराच वाद झाला. याच संस्थेतल्या पुढच्या संशोधकांनी त्यांतले पुष्कळसे अवशेष ऐतिहासिक काळातल्या बंदराशी जोडले. खंभातच्या आखाताचे प्रकरण याहून बोलके आहे. २००१ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या सोनार-चित्रांत तीस-चाळीस मीटर खोलीवर चौकोनी आकृत्या दिसल्या आणि प्राचीन नगराची घोषणा झाली. तळावरून खेचून आणलेल्या लाकडाचे वय साडेनऊ हजार वर्षांच्या आसपास निघाले. पण त्या आखातातल्या प्रचंड भरती-ओहोटीत लाकूड कुठूनही वाहत येऊ शकते, त्यामुळे लाकडाचे वय हे वास्तूचे वय ठरत नाही. पाणबुड्यांनी जाग्यावर तपासणी केल्याशिवाय झालेली ती घोषणा घाईची होती.

विजयदुर्गाबाबतही हीच सावधगिरी हवी. वाघोटन खाडीच्या मुखावरच्या या किल्ल्याजवळ पाण्याखाली दगडी भिंत आहे. तिची लांबी १२२, रुंदी ७ आणि उंची ३ मीटर सांगतात. शत्रूची जहाजे तिच्यावर आपटून फुटत, ही परंपरा कोकणात जिवंत आहे आणि आंग्र्यांच्या आरमाराचे कसब पाहता ती अशक्य नाही. पण सोनार भिंतीचा आकार दाखवतो; ती कोणी, केव्हा बांधली, हे तो सांगत नाही. त्यासाठी दगडांची जोडणी, घडणीच्या खुणा आणि भिंतीखालचा गाळ तपासावा लागतो. गोव्याच्या सुंची खडकाजवळ हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी हाती लागली, म्हणून तिथे बुडालेले जहाज सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज व्यापाराचे, असे म्हणता आले.

ध्वनी न सोडता नुसते ऐकण्याचे शास्त्रही वाढते आहे. उथळ खडकांवर नांगी आपटणाऱ्या कोळंबीची कडकड सतत चालू असते. ढोमा आणि घोळ जातीचे मासे हवेच्या पिशवीभोवतीचे स्नायू थरथरवून ढोलासारखा आवाज काढतात, विशेषतः विणीच्या हंगामात. हायड्रोफोन (पाण्याखालचा आवाज टिपणारे यंत्र) महिनोन्‌महिने ठेवून अशा आवाजांची नोंद केली, तर कोणते मासे कुठे आणि कधी विणतात, हे जाळे न टाकता कळते. जहाजांचा आवाज माशांच्या याच वारंवारतांत मिसळतो. पावसाचा आवाज त्यांहून उंच; लहान थेंबांनी तयार होणारे बुडबुडे पंधरा किलोहर्ट्‌झच्या आसपास घुमतात. म्हणून जिथे पर्जन्यमापक ठेवता येत नाही, अशा भर समुद्रात किती पाऊस पडला, तेही पाण्याखालच्या हायड्रोफोनवरून काढता येते.