जोडीने द्यावयाची तोंडी परीक्षा



बेळगुंदी, कडोली, उचगाव, येळ्ळूर या आपल्या गावांतून भरणारी साहित्य संमेलने ज्याने पाहिली आहेत, त्याला या भागातील व्यासपीठाची ओढ वेगळी सांगावयास नको. शाळेत असल्यापासून आपण वक्तृत्व स्पर्धांत उतरतो. भाषण पाठ करतो, हातवारे बसवतो, घंटा वाजण्यापूर्वी शेवटचे वाक्य गाठतो. त्यामुळे 'याला चांगले बोलता येते' याचा अर्थ आपल्याकडे 'याला चांगले भाषण करता येते' असा रूढ झाला आहे. इंग्रजीच्या वरच्या पातळीवरील एका तोंडी परीक्षेत मात्र नेमका हाच समज आड येतो. अशा परीक्षेसाठी मुलांचा सराव घेताना मला जे दिसले, ते तुमच्यापुढे ठेवावे एवढाच या लेखाचा उद्देश.

परदेशी शिक्षणासाठी आपल्याकडील पुष्कळ मुले 'आयईएलटीएस' ही परीक्षा देतात. तीत उमेदवार एकटाच परीक्षकापुढे बसतो आणि अकरा ते चौदा मिनिटे बोलतो. केंब्रिजची 'सी-वन ॲडव्हान्स्ड' ही परीक्षा या बाबतीत निराळी आहे. तिच्या तोंडी भागात दोन उमेदवार एकाच वेळी आत जातात. समोर दोन परीक्षक असतात. त्यांपैकी एक प्रश्न विचारतो. दुसरा बाजूला बसून ऐकतो व गुण देतो. सारा कारभार सुमारे पंधरा मिनिटांचा.

ही जोडीची पद्धत आली कशासाठी? परकीयांसाठी केंब्रिजने 'प्रोफिशियन्सी' ही इंग्रजीची परीक्षा प्रथम घेतली ती १९१३ साली. तिला अवघे तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले! तोंडी परीक्षा त्या वेळीही होती. 'ॲडव्हान्स्ड' १९९१ साली सुरू झाली ती मात्र जोडीची पद्धत घेऊनच. कारण साधे आहे. परीक्षक आणि उमेदवार दोघेच असले की लगाम परीक्षकाच्या हाती राहतो. तो विचारणार, हा उत्तर देणार. उमेदवाराला प्रश्न विचारता येतो का, दुसऱ्याचे म्हणणे सभ्यपणे खोडता येते का, रेंगाळलेला विषय पुढे नेता येतो का, हे कळण्यास वावच नसतो. कारखान्यात असो, इस्पितळात असो, माणसाला भाषा लागते ती बहुधा याच कामांसाठी.

परीक्षेचे चार भाग असतात. पहिल्यात दोन मिनिटे ओळखीची प्रश्नोत्तरे. दुसऱ्यात चित्रे पाहून प्रत्येकाने एकेक मिनिट एकट्याने बोलावयाचे आणि जोडीदाराने त्यावर अर्धा मिनिट. तिसरा भाग आपल्या विषयाचा. एक कागद पुढे येतो. मध्यभागी एक प्रश्न आणि भोवती पाच मुद्दे छापलेले असतात. वाचण्यास पंधरा सेकंद मिळतात. मग दोन मिनिटे दोघांनी आपसांत चर्चा करावयाची. परीक्षक मध्ये पडत नाही. त्यानंतर तो निवड करावयास लावणारा एक प्रश्न विचारतो व दोघांनी मिनिटभरात त्यावर विचारविनिमय करावयाचा. चौथ्या भागात त्याच विषयावर परीक्षकाच्या प्रश्नांनी सुमारे पाच मिनिटे चर्चा चालते.

आता गुणांचे पाहू. ऐकणारा परीक्षक पाच सदरांखाली गुण देतो : व्याकरण, शब्दसंपत्ती, बोलण्याची सलग मांडणी, उच्चार आणि परस्परसंवाद. प्रत्येकी जास्तीत जास्त पाच. प्रश्न विचारणारा परीक्षक एकंदर छाप पाहून आणखी एक गुण देतो. एकूण निकालात तोंडी भागाचा वाटा पाचवा हिस्सा असतो. उमेदवारांची आपसांत तुलना केली जात नाही. प्रत्येकाचे मोजमाप स्वतंत्र होते. म्हणजे जोडीदाराला हरवून काही पदरात पडत नाही. दोघांचे एकमत झालेच पाहिजे असेही नाही.

गेल्या एका सरावाचे उदाहरण देतो. जोडीत एक मुलगा बेळगुंदीकडचा, मराठी माध्यमातून आलेला, वक्तृत्वात बक्षिसे मिळवलेला. दुसरी मुलगी बैलहोंगल भागातील, कन्नड माध्यमातली, अबोल. प्रश्न मी तयार केला होता : शहर जवळ येऊ लागले की गावाचे काय काय बदलते? भोवती पाच मुद्दे : शेती, प्रवास, भाषा, घरे, शेजारधर्म. हातात घड्याळ घेऊन मी बसलो. मुलाने शेतीचा मुद्दा उचलला. रताळ्याचा दर, मजुरांची टंचाई, रस्त्यालगतच्या जमिनींना आलेला भाव, सारे इंग्रजीत सुरेख सांगितले. एकशे वीस सेकंदांपैकी शंभर सेकंद त्याचेच झाले. उरलेल्या वीस सेकंदांत मुलीने 'येस, आय अ‍ॅग्री' म्हटले आणि ती थांबली. पाचांपैकी चार मुद्दे कागदावरच राहिले.

त्याचे इंग्रजी वाईट होते का? मुळीच नाही. पण परस्परसंवादाच्या सदराखाली त्या शंभर सेकंदांनी काहीच मिळवले नसते. आणि मुलीचेही नुकसानच झाले, कारण जे इंग्रजी तिच्यापाशी होते ते बाहेर आलेच नाही. दोघांच्याही घरी फीचे पैसे जमवताना बराच विचार झालेला. पुन्हा बसावयाचे तर फीही पुन्हा. म्हणून हे आधी उमगणे महत्त्वाचे.

तेव्हा आम्ही तीन नियम केले.

पहिला : एका वेळी तीन-चार वाक्यांपेक्षा जास्त बोलावयाचे नाही आणि शेवटचे वाक्य जोडीदाराच्या हाती द्यावयाचे. 'व्हॉट डू यू थिंक?' हे ठीक आहे, पण तेच दर वेळी म्हटले तर पोपटपंची होते. त्याऐवजी जोडीदारालाच लागू पडेल असा प्रश्न विचारावा. 'तुमच्या गावाकडेही असेच झाले का?' हा प्रश्न इंग्रजीत विचारणे अवघड नाही, आणि त्याला 'येस, आय अ‍ॅग्री' एवढे उत्तर पुरत नाही.

दुसरा : आपला मुद्दा मांडण्यापूर्वी जोडीदाराचा एखादा शब्द उचलावयाचा. तो म्हणाला 'जमिनीला भाव आला', तर आपण म्हणावे, 'तू भावाचे म्हणालास, पण जमीन विकल्यावर शेजार मोडतो त्याचे काय?' असे करताच शेतीवरून शेजारधर्मावर जाता येते आणि दोन मुद्दे एका दोऱ्यात ओवले जातात. 'नेक्स्ट पॉइंट' म्हणून उडी मारण्याची गरज राहत नाही. याला ऐकावे लागते. पुढचे वाक्य मनात जुळवीत बसणाऱ्याला जोडीदाराचा शब्द सापडत नाही.

तिसरा : मतभेद असेल तर तो बोलून दाखवावयाचा, मात्र दुसऱ्याचे जेवढे पटते तेवढे आधी मान्य करून. 'आय सी व्हॉट यू मीन, बट...' एवढे म्हटले तरी पुरते. दर वेळी होकार दिला की चर्चा दोन वाक्यांत संपते आणि उरलेला वेळ काढणे जड जाते.

सरावासाठी महागडी पुस्तके लागत नाहीत. एक कागद, एक प्रश्न, पाच शब्द आणि घड्याळ पुरे. विषय आपल्या अवतीभवतीचे घ्यावेत : राकसकोपचे पाणी, निपाणीची तंबाखू, महाविद्यालयाच्या वेळा आणि बसच्या वेळा यांचा न बसणारा मेळ. शक्य असल्यास बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे व नंतर ऐकताना कोण किती सेकंद बोलला हे मांडावे. पाठ केलेली वाक्ये तिथे लगेच उघडी पडतात. जोडीदारही बदलत राहावा, कारण परीक्षेत आपल्याबरोबर कोण येईल हे पुष्कळदा आधी कळत नाही. जोडीदार बुजरा असेल तर त्याला प्रश्न विचारून बोलते करावे; त्याचे श्रेय विचारणाऱ्यालाही मिळते. जोडीदार थांबतच नसेल, तर त्याने श्वास घेताच त्याचाच शब्द उचलून आत शिरावे. उमेदवारांची संख्या विषम असेल तर शेवटच्या खेपेला तिघे एकत्र बसतात, म्हणून तिघांचा सरावही एकदा करून ठेवावा.

माझे एक आग्रहाचे सांगणे आहे. आपल्या या अंकाला मराठी व कन्नड असे दोन विभाग आहेत. सरावाची जोडी जुळवताना एक जण या विभागाचा आणि एक जण त्या विभागाचा घ्या. एकाच गल्लीतले दोघे मराठी असले, की अडल्याबरोबर मराठीत शिरतात. जोडीदाराची मातृभाषा वेगळी असली की इंग्रजीतून समजावून सांगणे भाग पडते. शिवाय आपल्या भागातील माणसाला याची सवय आहेच. बाजारात रताळी विकणारी मावशी समोरच्याचा पहिला शब्द ऐकते आणि मग ठरवते, 'होय की' म्हणावयाचे की 'हौद्री'. आधी ऐकणे, मग समोरच्याला पेलेल असे बोलणे, हे ती दिवसभर करते.

त्या जोडीचा सराव पुढे पाच आठवडे चालला. शेवटच्या दिवशी घड्याळाने मुलाची पासष्ट सेकंदे दाखवली आणि मुलीची पंचावन्न. पाचांपैकी चार मुद्दे झाले होते. भाषेच्या मुद्द्यावर दोघांचे मुळीच पटले नाही, आणि दोन मिनिटे कधी संपली हे दोघांनाही कळले नाही.