गुरगुर खाली, केकाट वर

दीपनगर ही भुसावळच्या औष्णिक वीज केंद्राची वसाहत. हिवाळ्यातल्या रात्री माणसं गोधड्यांत शिरली की रस्ता कुत्र्यांचा होतो. अंथरुणात डोळे मिटून पडलेल्या माणसालाही बाहेर काय चाललंय ते कळत असतं. हा कुणा अनोळखी माणसावर भुंकतोय. ते दोघं खरकट्यावरून एकमेकांवर गुरगुरतायत. आणि ते केकाटलं ते पिल्लू, त्याला नक्की दगड बसला. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. मग कळतं कसं?

बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांद विद्यापीठातल्या पेटेर पोंग्राट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हाच प्रश्न पडला. मुदी ही हंगेरीतली मेंढ्या राखणारी कुत्र्यांची जात. अनोळखी माणूस आल्यावर, झाडाला बांधून एकटं सोडल्यावर, फिरायला निघताना, चेंडू हवा असताना ही कुत्री कशी भुंकतात, ते त्यांनी ध्वनिमुद्रित केलं आणि लोकांना नुसतं ऐकवलं. प्रसंग कोणता, हे लोकांनी अंदाजपंचे सांगितलं असतं त्याहून कितीतरी जास्त वेळा बरोबर ओळखलं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सगळ्यांत विलक्षण गोष्ट अशी, की आयुष्यात कधी कुत्रा न पाळलेली माणसंही कुत्री पाळणाऱ्यांच्या फारशी मागे नव्हती. पुढे २०१० मध्ये त्याच गटाने जन्मांध व्यक्तींनाही हे आवाज ऐकवले. भुंकणारा कुत्रा ज्यांनी कधी पाहिलेलाच नाही, त्यांनाही त्याचं मन डोळस माणसांइतकंच ऐकू येत होतं.

यामागचं सूत्र यूजीन मॉर्टन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञाने १९७७ मध्येच मांडलं होतं. पक्षी असो वा सस्तन प्राणी, अंगावर धावून जाणारा खालच्या पट्टीत आणि खरखरीत आवाज काढतो. भ्यालेला, शरण आलेला वरच्या पट्टीत आणि स्वच्छ सुरात. मोठ्या देहाचा आवाज मुळातच खालचा असतो. म्हणून धमकावताना प्राणी स्वतःला मोठा करून ऐकवतो आणि गयावया करताना पिल्लाएवढा लहान.

गुरगुरताना कुत्र्याचे स्वरतंतू इतके संथ थरथरतात, की एकेक थरथर कानाला जवळजवळ सुटी ऐकू येते. आपण तोंडाने तो आवाज काढायला गेलो की जीभ आपोआप ‘र’वर जाते. मराठी ‘गुरगुर’ आणि इंग्रजी ‘ग्राउल’ दोन्हींत ग आणि र आहेत, त्याचं कारण मला तरी कुत्र्याच्या घशातच दिसतं. केकाटणं याच्या अगदी उलट: आवाज एकदम वर चढतो आणि तुटतो. ‘केकाट’मधला ट तो तोडतो, इंग्रजी ‘येल्प’मध्ये प तोडतो. बंद जबडा उघडत श्वासाचा धक्का बाहेर पडतो ते भुंकणं. म्हणून आपण ओठ मिटून ‘भो’ म्हणतो, इंग्रज ‘वूफ’ म्हणतो, जपानी माणूस ‘वान’. तिन्ही आवाज ओठांवरच सुरू होतात. वास लागल्यावर धावत्या शिकारी कुत्र्यांचा जो लांब, घुमता आवाज असतो त्याला इंग्रजीत ‘बे’ असा वेगळा शब्द आहे. आपल्याकडे ‘वसकन’ आहे, ज्यात आवाज आणि झडप एकदमच येतात. असा शब्द घडवणाऱ्या कानांना माझा नमस्कार.

कुत्र्यांना तर एका गुरगुरण्यातही फरक कळतो. तमाश फारागो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एका हाडामागे ध्वनिक्षेपक लपवला आणि एकेका कुत्र्याला हाडापाशी सोडलं. मागून ‘हाड माझं’ असं बजावणारी गुरगुर आली की बहुतेक कुत्री मागे सरली. अनोळखी माणसाला धमकावतानाची गुरगुर लावली तर तेवढा परिणाम झाला नाही, खेळातली लावली तरी नाही.

राहिलं ते मध्यरात्रीचं हेल काढणं. खानदेशातच काय, सगळ्या महाराष्ट्रात त्याला ‘कुत्रं रडतंय’ म्हणतात आणि घरातलं कुणीतरी उठून त्याला हाकलायला जातं, कारण ते अशुभ. इथे मात्र आपला कान फसतो. माथा वर, ओठ पुढे, एकच लांबलेला ‘ऊ’: हा लांडग्याचा वारसा आहे. महाराष्ट्रातल्या लांडग्यांच्या आवाजांवरचा भारतीय वन्यजीव संस्थेतल्या संशोधकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मोकळे फिरणारे नऊ कळप, शिवाय बंदिवासातले काही लांडगे, असे मिळून २७० आवाज त्यांनी तपासले. हेल सरासरी ४२२ हर्ट्झचा निघाला, म्हणजे हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातल्या काळी चारच्या आसपास. आपला लांडगा अंगाने लहान, तरी त्याचा हेल जगातल्या इतर लांडग्यांच्या पट्टीतच बसतो. असा लांबलेला सूर दूर जातो. पांगलेल्या सोबत्यांना बोलावण्यासाठी आणि ‘हा मुलूख आमचा’ हे शेजारच्या कळपाला कळवण्यासाठी तो असतो.

थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. भुसावळ जंक्शनकडचा इंजिनाचा हॉर्न अशा रात्री दूरवर पोचतो. असा लांब, एकसुरी आवाज हेलाच्या फार जवळचा, म्हणून कुत्रं मान वर करून त्याला उत्तर देतं. एकाचं ऐकून दुसरं, मग गल्लीच्या टोकाचं तिसरं.

खरी काकुळती वेगळीच ऐकू येते. त्याच अभ्यासात लांडग्याचं कुंकणं सरासरी १७०८ हर्ट्झपर्यंत चढलं होतं, हेलाच्या चौपट उंच, आणि सतत थरथरतं. दाराशी ‘कुईंऽ कुईंऽ’ ऐकू आलं तर उठून पाहावं. तिथे कुणाला तरी थंडी वाजतेय, भूक लागलीय किंवा आई सापडत नाहीये.